वाचकांचे प्रश्न : बायॉस अपडेट अर्धवट राहिले तर

प्रश्न : काही वर्षांपूर्वी घेतलेला ११.६ इंची पडद्याचा छोटा लॅपटॉप मी शाळेच्या कामासाठी वापरते. त्याची बॅटरी फुगल्यामुळे ती काढून टाकली होती आणि लॅपटॉप केवळ चार्जरवर चालत होता. कंपनीच्या संकेतस्थळावर बायॉसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ कार्यक्रमाची, नवी आवृत्ती दिसली, म्हणून ती उतरवून विंडोजमधूनच चालवली. बॅटरी नसल्याची सूचना आली, ती ओलांडून मी पुढे गेले. पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली असताना वीज गेली. आता बटण दाबले की दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. कंपनीचे बोधचिन्हही उमटत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नव्या बोर्डाचा खर्च कळवला आहे. आठवी ते दहावीच्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके त्यातच आहेत. बोर्ड बदलल्यास ती मिळतील का, आणि बोर्ड बदलण्यावाचून दुसरा इलाज नाही का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांत मदरबोर्ड जळाल्याची एकही खूण नाही. बिघडला आहे तो त्या बोर्डावरच्या एका आठ पायांच्या, तुरीच्या दाण्याएवढ्या फ्लॅश चिपमधला मजकूर. अशा लॅपटॉपांत ही चिप बहुधा ८ किंवा १६ मेगाबाइटची असते आणि बायॉस तिच्यातच असते. अपडेट करताना जुना मजकूर ठोकळ्याठोकळ्याने पुसला जातो आणि त्या जागी नवा लिहिला जातो. मध्येच वीज गेली की काही भाग नवा, काही जुना आणि काही नुसताच पुसलेला अशी खिचडी मागे उरते. प्रोसेसर चालू होतो, पहिल्या सूचना वाचू लागतो आणि पुढे वाचण्याजोगे काही नसल्यामुळे थांबतो. दिवा लागूनही पडदा काळा राहण्याचे कारण हे आहे. दुरुस्तीच्या दुकानांत या अवस्थेला सरसकट ‘नो डिस्प्ले’ म्हणतात, परंतु त्या एका शब्दाखाली सैल झालेल्या रॅमपासून जळालेल्या बोर्डापर्यंत सगळेच मोडते. आपल्या बाबतीत कारण ठाऊक असताना त्यावर बोर्ड बदलण्याचा इलाज सुचवणे ही घाई झाली.

आता आपल्या फायलींविषयी. मोठ्या लॅपटॉपांत साठवणूक वेगळ्या एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असते, ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि बायॉस बिघडले तरी फायलींना धक्का लागत नाही. छोट्या आणि स्वस्त लॅपटॉपांत मात्र ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवणूक पुष्कळदा थेट मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. आपला लॅपटॉप तसा असेल, तर बोर्डाबरोबर आपल्या फायलीही दुकानदाराकडे राहतील. त्यामुळे निदान आणि साठवणुकीचा प्रकार या दोन्ही गोष्टी स्पष्ट होईपर्यंत बोर्ड बदलण्यास संमती देऊ नये, आणि पुढे तशी वेळ आलीच तरी जुना बोर्ड परत मागून घ्यावा. खरेदीची पावती किंवा तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या तपशीलपत्रकात ईएमएमसी लिहिले आहे की एसएसडी, हे पाहता येईल.

पुढचे काम क्रमाने करावे. आधी जिवंत काय आहे ते पाहावे. लॅपटॉप चालू करून मिनिटभराने कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा कळ दाबल्याबरोबर लागत-विझत असेल, तर बायॉस बरेच पुढे गेले आहे आणि दोष पडद्याच्या जोडणीतही असू शकतो. अशा वेळी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. दिवा दाद देत नसेल, तर बायॉस सुरुवातीलाच अडकले आहे. दिवा आपोआप ठरावीक संख्येने लुकलुकत असेल, तर ती यंत्राने दिलेली खूण असते. एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपांत दोनदा लुकलुकणे म्हणजे बायॉस दूषित झाले, असा अर्थ आहे. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या त्या मॉडेलच्या सेवा-पुस्तिकेत छापलेल्या असतात.

येथे एका लोकप्रिय उपायाबद्दल लिहिणे भाग आहे. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरणे, किंवा घड्याळाची बटणासारखी लहान बॅटरी काढून परत बसवणे, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. तो करून पाहण्यात नुकसान नाही. अपडेट पूर्ण होऊन केवळ जुन्या सेटिंगशी त्याचे पटत नसेल, तर त्याने लॅपटॉप चालूही होतो. परंतु या उपायाने सेटिंग पुसली जातात, अर्धवट लिहिलेली फ्लॅश चिप भरून निघत नाही. तो एकदा करावा आणि पुढे जावे.

खरा मार्ग ‘बूट ब्लॉक’चा आहे. बायॉस लिहिणाऱ्यांना वीज जाण्याची कल्पना असते, म्हणून चिपच्या एका कोपऱ्यात एक छोटा कार्यक्रम राखून ठेवलेला असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लावला जात नाही. मुख्य बायॉस धड नसल्याचे दिसले, किंवा ठरावीक कळा दाबून आपण सांगितले, की हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर ठरावीक नावाची फाइल शोधतो आणि तीवरून चिप पुन्हा लिहून काढतो. त्याला पडद्यावर चित्र उमटवणेही बहुधा जमत नाही, त्यामुळे सारे काम अंधारात चालते. आपल्याला भरवसा ठेवायचा तो बटणाच्या दिव्यावर आणि पेन ड्राइव्हच्या लुकलुकण्यावर, म्हणून शक्यतो दिवा असलेला पेन ड्राइव्ह घ्यावा.

कळा कंपनीगणिक बदलतात. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोज आणि बी या कळा धरून पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबतात; बी लागू पडले नाही तर व्ही. डेलच्या २०१६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून मग चार्जर जोडतात, आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलचे नाव ‘बायॉस अंडरस्कोअर आयएमजी डॉट आरसीव्ही’ असावे लागते. एसरच्या अनेक लॅपटॉपांत एफएन आणि एस्केप चालते. २००८ साली आलेल्या एसर अ‍ॅस्पायर वन या ८.९ इंची नेटबुकची कृती तर इतक्या जणांनी इतक्या वेळा केली आहे, की नमुना म्हणून ती सांगण्यासारखी आहे. त्याच्या अंतर्गत क्रमांकावरून, म्हणजे झेडजी५ वरून, बायॉसच्या फाइलला ‘झेडजी५आयए३२ डॉट एफडी’ असे नाव द्यायचे आणि ती ‘फ्लॅशइट डॉट ईएक्सई’सोबत पेन ड्राइव्हवर ठेवायची. यंत्र बंद असताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही जोडून एफएन आणि एस्केप धरायचे, पॉवरचे बटण दाबायचे आणि काही सेकंदांनी कळा सोडायच्या. बटणाचा दिवा लुकलुकू लागला, की बटण आणखी एकदा दाबून हात मागे घ्यायचा. पेन ड्राइव्हचा दिवा काही काळ चमकतो, नंतर शांत होतो आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू होते. मिनिट-दोन मिनिटांत काही दिसले नाही म्हणून चार्जर उपटणारे येथे दुसऱ्यांदा फसतात; निदान दहा मिनिटे तरी त्याला हात लावू नये. आपल्या लॅपटॉपची कृती तपशिलात वेगळी असेल, पण घडण हीच असेल.

हा प्रयत्न फसतो तो बहुधा पेन ड्राइव्हपाशी. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, एनटीएफएस किंवा एक्सएफएटी चालत नाही, आणि शक्य तितका जुना व कमी क्षमतेचा असावा. फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न ठेवता मोकळी ठेवावी. कंपनी देते ती ईएक्सई फाइल थेट उपयोगी पडत नसेल, तर सेव्हन-झिपसारख्या कार्यक्रमाने ती उलगडून आतली एफडी, बिन किंवा रॉम फाइल काढावी लागते. एचपीची अपडेट फाइल मात्र दुसऱ्या संगणकावर चालवल्यास स्वतःच रिकव्हरी पेन ड्राइव्ह तयार करून देते. नाव बदलताना विंडोज एक्सटेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग, लपवते हे विसरू नये. आपण ‘डॉट एफडी’ टाइप करतो आणि फाइलचे खरे नाव ‘डॉट एफडी डॉट एफडी’ होऊन बसते, बूट ब्लॉकला ती सापडत नाही आणि आपण लॅपटॉपला दोष देतो. एक्सप्लोररमध्ये एक्सटेन्शन दाखवण्याची खूण आधी करून घ्यावी. लॅपटॉपला दोन-तीन यूएसबी खाचा असतील, तर प्रत्येकीत प्रयत्न करावा. निळी सोडून काळी आधी.

आपल्या प्रकरणात एक अडचण जास्तीची आहे. बॅटरी नाही. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय रिकव्हरी सुरूच करत नाहीत, आणि करत असले तरी पुन्हा वीज गेल्यास आपण होतो तेथेच येऊ. म्हणून आधी त्या मॉडेलची नवी बॅटरी बसवून घ्यावी. फुगलेली जुनी बॅटरी तात्पुरतीसुद्धा परत लावू नये. नवी बॅटरी पुरेशी चार्ज होऊ द्यावी आणि काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करावे. कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल हे महावितरणलाही सांगता येत नाही.

इतके करूनही यंत्र ढिम्म राहिले, तर बूट ब्लॉकही पुसला गेला आहे असे समजावे आणि चिप बाहेरून लिहून घ्यावी. हे काम प्रोग्रॅमर नावाच्या लहानशा उपकरणाने होते आणि चिप-पातळीची दुरुस्ती करणारी दुकाने ते नित्य करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केल्यास अशी दुकाने सापडतील, आणि मजुरी नव्या बोर्डापुढे किरकोळ असते. दुकानदाराला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली, काहीही लिहिण्याआधी चिपमध्ये आज जे आहे ते वाचून घ्यावे आणि त्याची प्रत आपल्याला पेन ड्राइव्हवर द्यावी. दुसरी, दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपमधून काढलेली बिन फाइल जशीच्या तशी टाकू नये. चिपमध्ये केवळ बायॉस नसते. आपल्या यंत्राचा अनुक्रमांक आणि विंडोजची परवाना-किल्लीही तेथेच असते, आणि इंटेलच्या यंत्रांत मॅनेजमेंट इंजिन या अंतर्गत व्यवस्थेचा भागही. चांगला कारागीर जुन्या प्रतीतून हे भाग राखतो आणि फक्त बायॉसचा भाग कंपनीच्या फाइलमधून भरतो.

प्रश्न : वरच्यासारख्याच प्रसंगातून माझा लॅपटॉप रिकव्हरीने चालू झाला, पण आता निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतो. मी बिटलॉकर कधीच चालू केलेले नव्हते. विंडोज पुन्हा टाकावे लागेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : विंडोज पुन्हा टाकू नका, टाकले तर साठवलेले सगळे जाईल. बिटलॉकर ही साठवणूक कूटबद्ध करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ न देणारी, विंडोजची सोय आहे. विंडोजच्या घरगुती आवृत्तीतही मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर साठवणूक पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. उलगडण्याची किल्ली टीपीएम या सुरक्षा घटकात असते, आणि यंत्र सुरू होण्याची पद्धत बदललेली दिसली की तो ती देत नाही.

किल्ली शोधण्याआधी एक गोष्ट पाहावी. रिकव्हरीनंतर बायॉसची सेटिंग मूळपदावर येतात, आणि त्यात सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेला कार्यक्रमच सुरू होऊ देणारी सोय) बंद किंवा टीपीएम निष्क्रिय झालेले असू शकते. इंटेलच्या लॅपटॉपांत टीपीएमचे नाव पीटीटी आणि एएमडीच्या लॅपटॉपांत एफटीपीएम असे दिसते. बायॉसच्या सेटअपमध्ये जाऊन ही दोन्ही पूर्वीसारखी चालू केल्यावर पुष्कळदा किल्ली न देताच विंडोज उघडते. तेथेच ‘क्लिअर टीपीएम’ असा पर्याय असतो, त्याला मात्र चुकूनही हात लावू नये. हे जमले नाही, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून उपकरणांच्या यादीत किल्ली पाहावी. लॅपटॉप प्रथम सुरू करताना ज्या खात्याने प्रवेश केला होता ते खाते पाहायचे; घरात लॅपटॉप मुलाने सुरू करून दिला असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात असते. यादीत अनेक किल्ल्या असतील, तर निळ्या पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे जुळवावीत.

सेटअपमध्ये गेलाच आहात तर तारीखही दुरुस्त करावी. घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असेल, तर विंडोज उघडूनही बहुतेक संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करतील.

प्रश्न : बायॉसची चिप बाहेरून लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि तो चिपला जोडणारी क्लिप ऑनलाइन स्वस्तात मिळते. हे काम घरी करता येईल का?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : करता येईल, पण चिपवरचा क्रमांक वाचून, आणि तो भिंगाखाली वाचून. विनबाँड कंपनीची २५क्यू६४ ही मालिका आपल्याला सर्रास दिसेल. ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, अर्थात ८ मेगाबाइट. त्यापुढची अक्षरे अधिक महत्त्वाची. एफव्ही किंवा जेव्ही असल्यास चिप ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असल्यास १.८ व्होल्टची. छोट्या लॅपटॉपांत, विशेषतः इंटेलच्या बे ट्रेल पिढीच्या अ‍ॅटम आणि सेलेरॉन प्रोसेसरांसोबत, १.८ व्होल्टच्या चिपा नेहमी भेटतात, आणि त्यांना ३.३ व्होल्ट दिल्यास दुरुस्तीला आणलेली वस्तू आपल्याच हातून जायची. त्यासाठी मधला १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. शिवाय काळ्या रंगाच्या सर्वांत स्वस्त सीएच३४१ए बोर्डात एक प्रसिद्ध दोष आहे. चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट जातात. मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय तो बोर्ड जोडू नये.

लॅपटॉपची बॅटरी आणि चार्जर काढून, चिपवरचा ठिपका आणि क्लिपची लाल तार एका बाजूला येईल असे पाहून क्लिप लावावी. फ्लॅशरॉम किंवा तत्सम कार्यक्रमाने चिप दोनदा वाचावी आणि दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासावे. ८ मेगाबाइटच्या चिपची फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची असली पाहिजे. दोन वाचनांत फरक येत असेल, तर क्लिप नीट बसलेली नाही किंवा तीतून जाणारी वीज बोर्डाचा बाकी भाग ओढून घेत आहे. त्या अवस्थेत लिहिण्याचा मोह टाळावा. चिपला बाहेर आलेले पायच नसतील, जसे पातळ लॅपटॉपांत असते, तर क्लिप निरुपयोगी. मग चिप हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, उतरवावी लागते, आणि हात बसलेला नसल्यास ते काम दुकानावर सोपवलेले बरे.

इंटरनेटवरून मिळालेली ‘सुधारित’ बायॉस फाइल वापरण्याचा विचार असेल, तर २०१३ पासून इंटेलच्या अनेक यंत्रांत बूट गार्ड ही व्यवस्था असते हे लक्षात घ्यावे. तेथे कंपनीच्या स्वाक्षरीशी न जुळणारी फाइल बिनचूक लिहिली तरी लॅपटॉप उठत नाही.

प्रश्न : एवढा धोका असेल तर बायॉस अपडेट करूच नये, असे आमच्याकडचे संगणक शिक्षक म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : काही वर्षांपूर्वीपर्यंत हा सल्ला बहुतांशी योग्य होता, आज तो सरसकट देता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘लोगोफेल’ या त्रुटींचेच पाहा. सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दाखवणाऱ्या बायॉसच्या भागातूनच घुसखोरी करता येत होती आणि ती वाट बुजवण्याचा मार्ग बायॉस अपडेट हाच होता. अपडेट न करणाऱ्याचे बायॉस अभंग राहते असेही नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने अनेक संगणकांच्या बायॉस चिपच पुसून टाकल्या होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या लिनक्स प्रणालीची प्रत काही काळ मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये सेटिंग जतन होणेच बंद पडत होते. दोन्ही वेळा बायॉस अपडेट कोणीही केले नव्हते.

अपडेटच्या टिपणात सुरक्षा-दुरुस्तीचा किंवा आपल्याला जाणवणाऱ्या दोषाचा उल्लेख असेल तर अपडेट करावे. केवळ नवी आवृत्ती आली म्हणून धावू नये. करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला, दोन्ही हवे. बिटलॉकर आधी तात्पुरते थांबवावे. आता अनेक कंपन्यांची बायॉस विंडोज अपडेटमधूनही येतात, त्यामुळे पुन्हा सुरू होताना पडदा बराच वेळ काळा राहिला किंवा यंत्र दोन-तीनदा आपणहून बंद-चालू झाले, तर अर्धा तास तरी पॉवरच्या बटणाला हात न लावता वाट पाहावी. आणि रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह लॅपटॉप धडधाकट असतानाच करून, त्यावर मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून, खणात ठेवावा.